बचावपटू ते तांत्रिक संचालक : डेरिक परेरा यांची वाटचाल

२०२१ च्या डिसेंबरात इंडियन सुपर लीगचा मोसम ऐन भरात असताना एफसी गोवाचे स्पॅनिश प्रशिक्षक हुआन फेरांडो संघ सोडून गेले. कोलकात्याच्या एटीके मोहन बागानने करारात नमूद असलेली रक्कम भरून त्यांना मोकळे करून घेतले होते. अशा वेळी भारतीय क्लब सहसा नव्या परदेशी प्रशिक्षकाच्या शोधाला लागतात. गोव्याने मात्र उर्वरित मोसमासाठी आपल्याच घरातील, साठीकडे झुकलेल्या एका गोमंतकीयाच्या हाती संघाची सूत्रे सोपवली.

त्यांचे नाव डेरिक परेरा. तोवर ते क्लबचे तांत्रिक संचालक होते. सामन्याच्या दिवशी दूरचित्रवाणीच्या पडद्यावर क्वचितच दिसणारे, पण क्लबाच्या प्रत्येक वयोगटातील संघाशी संबंध येणारे हे पद भारतीय फुटबॉलमध्ये अजून पुरते रुळलेले नाही. परेरा यांची कारकीर्द पाहिली की हे पद कशासाठी असते, आणि आपल्याकडे त्याची गरज अन्य देशांपेक्षा अधिक का आहे, हे उलगडत जाते. याचे कारण त्यांच्या कारकिर्दीतील एका विलक्षण योगायोगात आहे. ज्या क्लबांना त्यांनी घडवले, त्यांपैकी बहुतेक क्लब त्यांच्यामागे बंद पडले किंवा राष्ट्रीय स्पर्धेतून बाहेर गेले.

पदाचे नाव आणि काम

परदेशी क्रीडावृत्ते मराठीत आणताना या पदाचे नाव नेहमी अडखळायला लावते. ‘क्रीडा संचालक’ म्हटले तर शासनाच्या क्रीडा खात्यातील अधिकारी डोळ्यांसमोर येतो. ‘तांत्रिक संचालक’ म्हटले तर कारखान्यातील यंत्रांची देखभाल पाहणारा अभियंता. प्रत्यक्षात या माणसाचा संबंध यंत्रांशी नसतो आणि शासनाशीही नसतो. कोणत्या पद्धतीचा फुटबॉल क्लबाने खेळावा, त्यासाठी कोणते खेळाडू घ्यावेत, कोणाला सोडावे, कुमार गटातील कोणता मुलगा केव्हा वर आणावा आणि प्रशिक्षक बदलला तर नवा कोण असावा, हे त्याने पाहायचे असते. प्रशिक्षकाची नजर येत्या रविवारच्या सामन्यावर असते, तर संचालकाची तीन वर्षांनंतरच्या संघावर.

इटली आणि स्पेनमध्ये हे पद जुने आहे. इटलीत तर फ्लॉरेन्सजवळच्या कोव्हर्चानो येथील राष्ट्रीय केंद्रात त्यासाठी रीतसर अभ्यासक्रम आणि परवाना आहे. इंग्लंडने बराच काळ या पदाकडे संशयाने पाहिले. तेथे खेळाडूंची खरेदी, सराव आणि डावपेच हे सारे ‘मॅनेजर’ नावाच्या एकाच माणसाच्या हाती असे. १९८६ पासून २०१३ पर्यंत मँचेस्टर युनायटेड सांभाळणारे ॲलेक्स फर्ग्युसन हे त्या परंपरेचे शेवटचे मोठे नाव. एक माणूस सव्वीस-सत्तावीस वर्षे टिकत असेल तर क्लबाला निराळा संचालक कशाला हवा? पण प्रशिक्षक दोन वर्षांत बदलू लागले, तेव्हा इंग्लंडलाही हे पद स्वीकारावे लागले.

या कामाचा वस्तुपाठ म्हणून स्पेनच्या सेव्हिया क्लबचे रामोन रॉड्रिगेझ वेर्देहो, म्हणजेच ‘मोंची’, यांचे नाव घेतले जाते. ते सेव्हियाचे गोलरक्षक होते. बहुतेक काळ राखीव. १९९९ मध्ये त्यांनी खेळणे थांबवले. पुढच्या वर्षी सेव्हियाची दुसऱ्या श्रेणीत घसरण झाली आणि तिजोरीत खडखडाट असलेल्या क्लबाने त्यांना संचालक केले. त्यांनी उभारलेली पद्धत दिसायला सोपी होती. विविध देशांतील स्पर्धा निरीक्षकांमध्ये वाटून द्यायच्या. मोसमाच्या पहिल्या काही महिन्यांत कोणताही विशिष्ट खेळाडू न शोधता केवळ पाहत राहायचे आणि प्रत्येक स्पर्धेतील उत्तम अकरा जणांची यादी करायची. ज्यांची नावे पुन्हापुन्हा येतात, त्यांना मग घरच्या व बाहेरच्या सामन्यांत, चांगल्या व वाईट दिवशी, वेगवेगळ्या निरीक्षकांनी पाहायचे. म्हणजे प्रशिक्षकाने डावा बचावपटू मागितला की हाती तयार यादी असते. ब्राझीलचा दानी आल्व्हेस असाच तरुणपणी स्वस्तात आला आणि २००८ मध्ये मोठ्या रकमेला बार्सिलोनाकडे गेला. सेव्हियाने २००६, २००७, २०१४, २०१५ आणि २०१६ मध्ये युरोपातील दुसऱ्या क्रमांकाची स्पर्धा जिंकली. या काळात प्रशिक्षक अनेक झाले. संचालक एकच होता.

आपल्याकडे या पदाचा पूर्वज शोधायचा तर तो क्लबात सापडत नाही, कंपनीत सापडतो. भिलाईच्या मरोदा सेक्टरसारख्या पोलाद कारखान्याच्या वसाहतीत वाढलेल्या माणसाला ‘क्रीडा अधिकारी’ म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. मैदान कारखान्याचे, चेंडू कारखान्याचा आणि चांगल्या खेळाडूला कारखान्यात नोकरी. मुंबईत कापडगिरण्या, बँका, रेल्वे आणि तेल कंपन्यांचे संघ याच रीतीने उभे राहिले. १९७९ मध्ये फेडरेशन चषकाचे संयुक्त विजेतेपद मिळवणारा मफतलाल हा संघही एका गिरणीचाच. गोव्यात हे काम लोहखनिजाच्या खाणींनी केले, पंजाबात फगवाड्याच्या जेसीटी गिरणीने. जमशेदपूरला टाटांनी १९८७ मध्ये फुटबॉल अकादमीच काढली. या व्यवस्थेने खेळाडूला पगार आणि निवृत्तिवेतन दिले, हे तिचे मोठेच उपकार. मात्र संघ हा कंपनीच्या ताळेबंदातील एक खर्चाची ओळ होता. ती ओळ खोडली की सारे संपले.

साळगावकरच्या बचावफळीतून

परेरा या व्यवस्थेतच घडले. वास्को येथील खाणउद्योजक साळगावकर यांच्या नावाचा क्लब १९५६ मध्ये स्थापन झाला. ऐंशीच्या दशकात परेरा त्याच्या बचावफळीत खेळत. गोव्याचे आणि भारताचेही त्यांनी प्रतिनिधित्व केले. त्याच दशकाच्या अखेरीस, १९८८ आणि १९८९ मध्ये, साळगावकरने लागोपाठ दोनदा फेडरेशन चषक जिंकला. हा चषक जिंकणारा तो गोव्याचा पहिला क्लब. तोवर ही स्पर्धा म्हणजे बव्हंशी कोलकात्याच्या तीन मोठ्या क्लबांची मिरासदारी होती.

बचावपटूंमधून प्रशिक्षक अधिक निघतात, असे फुटबॉलमध्ये म्हटले जाते. त्यात थोडे तथ्य असावे. आघाडीपटूच्या पुढ्यात गोलपोस्ट असते आणि पाठीशी सारा खेळ. मध्यवर्ती बचावपटूला मात्र आपले बहुतेक सहकारी आणि प्रतिस्पर्धी समोर दिसत असतात. नव्वद मिनिटे तो इतरांच्या जागा ठरवत असतो. परेरा यांच्या संघांत पुढे जे दिसले ते याच सवयीचे फळ मानता येईल. त्यांचे संघ मागून पुढे बांधलेले असत आणि सहसा सहज कोसळत नसत.

मुंबईचे दुहेरी विजेतेपद

२००५ मध्ये परेरा मुंबईच्या महिंद्र युनायटेडचे प्रशिक्षक झाले. महिंद्र अँड महिंद्र कंपनीचा हा संघ १९६२ पासूनचा. १९९६ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय फुटबॉल लीगमध्ये तोवर पंजाब, बंगाल आणि गोवा या तीनच राज्यांचे क्लब विजेते ठरले होते. मुंबईकडे पैसा होता, कूपरेजसारखे ऐतिहासिक मैदान होते, रोव्हर्स चषकाची शतकभराची परंपरा होती. राष्ट्रीय विजेतेपद मात्र नव्हते.

२००५-०६ च्या मोसमात महिंद्रने फेडरेशन चषक आणि राष्ट्रीय लीग दोन्ही जिंकले. चषकाच्या अंतिम सामन्यात स्पोर्टिंग क्लब द गोवा पराभूत झाला, तर लीगमध्ये ईस्ट बंगाल दुसऱ्या स्थानी राहिला. घानाचा युसूफ याकुबू आणि ब्राझीलचा होजे बारेटो ही आघाडीची जोडी त्या काळी देशात सर्वांत धोकादायक होती, आणि मुंबईकर स्टीव्हन डायस बाजूने चेंडू पुरवत असे. राष्ट्रीय लीग पुढे २००७ मध्ये ‘आय-लीग’ या नावाने नव्याने सुरू झाली. त्यामुळे जुन्या नावाची ती स्पर्धा जिंकणारा महिंद्र हा महाराष्ट्रातील एकमेव क्लब राहिला.

त्या संघाच्या पटावरील नावे आज वाचली की एक वेगळीच गोष्ट लक्षात येते. दुखापतींनी मैदानाबाहेर ठेवलेला मध्यरक्षक खालिद जमील पुढे प्रशिक्षक झाला, २०१७ मध्ये मिझोरामच्या ऐझॉलला आय-लीगचे विजेतेपद मिळवून दिले आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये भारतीय संघाचा मुख्य प्रशिक्षक झाला. २००२ मध्ये व्हिएतनाममधील एलजी चषकाच्या अंतिम सामन्यात सुवर्णगोल करणारा उंचापुरा आघाडीपटू अभिषेक यादव निवृत्तीनंतर अखिल भारतीय फुटबॉल महासंघात गुणवत्ता शोधाच्या कामाला लागला आणि पुढे राष्ट्रीय संघाचा संचालक झाला. स्टीव्हन डायसही प्रशिक्षणाकडे वळला. एका संघातून इतकी माणसे खेळाच्या कारभारात यावीत, हे भारतात वारंवार घडत नाही.

संघ मात्र उरला नाही. २००९-१० च्या मोसमानंतर महिंद्र कंपनीने तो बंद केला आणि शालेय फुटबॉलवर लक्ष देण्याचे जाहीर केले. पुढच्याच वर्षी, २०११ मध्ये, जेसीटीने आपला संघ मोडला. पहिल्या राष्ट्रीय लीगचा विजेता आणि दहाव्या लीगचा विजेता असे दोन क्लब वर्षभराच्या अंतराने नाहीसे झाले. कंपन्यांना दोष देणे सोपे आहे. पण तिकिटांतून नगण्य उत्पन्न, प्रक्षेपणातून त्याहूनही कमी, आणि खेळाडूंचे मानधन दरवर्षी वाढते. या हिशेबात कोणताही संचालक मंडळाचा सदस्य कधी ना कधी तो प्रश्न विचारणारच होता.

पुण्यातील चार वर्षे

महिंद्र बंद होण्यापूर्वीच, २००९ मध्ये, परेरा पुण्याला गेले होते. पिरामल उद्योगसमूहाने २००७ मध्ये स्थापन केलेला पुणे एफसी तेव्हा नुकताच आय-लीगच्या वरच्या श्रेणीत आला होता. बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलात त्याचे सामने होत. या क्लबाने भारतीय फुटबॉलमध्ये क्वचितच आढळणारी एक गोष्ट केली. प्रशिक्षकाला त्याने चार मोसम दिले. परिणाम गुणतक्त्यात दिसतो. वरच्या श्रेणीतील पहिल्याच मोसमात, २००९-१० मध्ये, पुणे तिसऱ्या स्थानी राहिला. २०१२-१३ मध्ये चर्चिल ब्रदर्सच्या पाठोपाठ उपविजेता ठरला.

या काळातील एका खेळाडूचा उल्लेख येथे केला पाहिजे. अराता इझुमी हा जपानमध्ये जन्मलेला, गुजराती वडिलांचा मुलगा २००६ मध्ये भारतात खेळायला आला. तो आधी ईस्ट बंगालकडे, मग परेरा यांच्या महिंद्रकडे आणि त्यांच्या पाठोपाठ पुण्याला गेला. भारतीय संघात खेळता यावे म्हणून त्याने जपानी नागरिकत्व सोडले. कागदोपत्री नीलकांत खंभोळजा असे नाव घेऊन तो भारतीय नागरिक झाला आणि २०१३ मध्ये भारताकडून खेळलाही. अशा खेळाडूला ओळखणे, त्याला योग्य जागी खेळवणे आणि क्लब बदलला तरी त्याच्याशी असलेला धागा तुटू न देणे, यालाच पुढे ‘तांत्रिक संचालकाचे काम’ असे नाव मिळते. पुण्यातील परेरा पदाने प्रशिक्षकच होते. पण त्यांचे निम्मे काम संचालकाचे होते, असे म्हणायला हरकत नाही.

पुणे एफसीची खरी श्रीमंती होती ती २०११ च्या सुमारास सुरू केलेली अकादमी. केरळातील मलप्पुरमचा आशिक कुरुणियन येथेच आला आणि पुढे भारताचा आंतरराष्ट्रीय खेळाडू झाला. मात्र २०१४-१५ च्या मोसमानंतर पुणे एफसीचा वरिष्ठ संघ आय-लीगमध्ये दिसला नाही. अकादमी इंडियन सुपर लीगमधील एफसी पुणे सिटीकडे गेली. तीन वर्षांनी, २०१९ मध्ये, पुणे सिटीही बंद झाला आणि त्याची लीगमधील जागा हैदराबादच्या नव्या क्लबाने घेतली. पुण्यातील तिसरा क्लब डीएसके शिवाजीयन्स. इंग्लंडच्या लिव्हरपूलशी करार केलेली अकादमी चालवणाऱ्या या क्लबाला २०१५-१६ मध्ये आय-लीगमध्ये थेट प्रवेश मिळाला आणि त्या पहिल्या मोसमात परेराच त्याचे प्रशिक्षक होते. २०१७ नंतर हाही क्लब आय-लीगमध्ये राहिला नाही. अवघ्या पाच वर्षांत एका शहरातून तीन व्यावसायिक क्लब गेले. ज्या मुलांनी तेरा-चौदाव्या वर्षी घर सोडून अकादमीत मुक्काम हलवला होता, त्यांचे या काळात काय झाले असेल याचा हिशेब कोणत्याही ताळेबंदात मांडलेला नसतो.

खाणी, चषक आणि माघार

पुणे सोडल्यानंतर आणि डीएसके शिवाजीयन्सकडे जाण्यापूर्वी परेरा आपल्या जुन्या साळगावकरकडे प्रशिक्षक म्हणून परतले होते. २०१४ मध्ये साळगावकरने ड्युरँड चषक जिंकला. अंतिम सामन्यात समोर होता पुणे एफसी, म्हणजे परेरा यांनी चार वर्षे घडवलेलाच क्लब. दोन्ही संघांसाठी राष्ट्रीय पातळीवरचा तो जवळजवळ अखेरचा मोठा दिवस ठरला.

गोव्यातील खाणकाम २०१२ च्या शेवटाला थांबले होते. ज्या उद्योगाने चार-पाच दशके गोव्याचे फुटबॉल पोसले, त्याचाच ओघ आटला. तरीही साळगावकर, धेंपो आणि स्पोर्टिंग या तीन क्लबांनी २०१६ मध्ये आय-लीगमधून माघार घेतली, तेव्हा त्यांनी पुढे केलेले कारण वेगळे होते. इंडियन सुपर लीगला देशातील सर्वोच्च स्पर्धा करण्याची महासंघाची योजना त्यांना मान्य नव्हती. ज्यांनी वर्षानुवर्षे संघ चालवले त्यांना दुय्यम स्थान आणि नव्याने पैसे घेऊन येणाऱ्यांना पहिले, ही त्यांची तक्रार होती. ती अनाठायी होती असे म्हणता येणार नाही. राष्ट्रीय लीग आणि आय-लीग मिळून पाच वेळा विजेता ठरलेल्या धेंपोसारख्या क्लबाने स्वतःहून बाहेर पडावे, यात त्या योजनेविषयी पुरेसे बोलून जाते. धेंपो नंतर खालच्या श्रेणीतून परतला आणि २०२४-२५ मध्ये पुन्हा आय-लीगमध्ये खेळला.

परेरा २०१७ च्या आरंभी काही काळ चर्चिल ब्रदर्सचे प्रशिक्षक होते. त्याच वर्षी सहायक प्रशिक्षक आणि तांत्रिक संचालक या भूमिकांत ते एफसी गोवात आले.

संचालकाची कसोटी

एफसी गोवा २०१४ मध्ये इंडियन सुपर लीगसोबतच जन्मला. लीग सुरू झाली तेव्हा मैदानावरील अकरांपैकी सहा खेळाडू परदेशी असू शकत. २०१७-१८ पासून ही मर्यादा पाचवर आणि २०२१-२२ पासून चारवर आली. म्हणजे अकरांत किमान पाच भारतीय खेळवणाऱ्या संघाला सात वर्षांत किमान सात भारतीय खेळवावे लागले. परदेशी खेळाडू बाजारातून उचलून आणता येतो. त्यासाठी दलाल असतात, चित्रफिती असतात. भारतीय खेळाडूंचा साठा मात्र मर्यादित. सगळे क्लब त्याच पन्नास-साठ नावांमागे धावू लागले की भाव चढतात आणि मानधनावरील कमाल मर्यादा आडवी येते. अशा वेळी स्वतःच्या अंगणातील मुले वर आणणे हाच शहाणपणाचा मार्ग उरतो. नियमातील हा बदल झाल्यानंतर तांत्रिक संचालक हे शोभेचे पद राहिले नाही.

परेरा यांच्या काळात क्लबाच्या विकास संघाने २०१८-१९ मध्ये गोवा प्रो लीग जिंकली. वर्षानुवर्षे साळगावकर, धेंपो, चर्चिल, स्पोर्टिंग यांच्यात फिरणारे हे राज्य विजेतेपद सुपर लीगच्या क्लबाने तरुण मुलांच्या बळावर मिळवले. वरिष्ठ संघ सर्जिओ लोबेरा या स्पॅनिश प्रशिक्षकाच्या हाताखाली २०१९ मध्ये लीगचा अंतिम सामना खेळला आणि महिन्याभराने सुपर कप जिंकून आला.

खरी परीक्षा २०२० च्या जानेवारी अखेरीस आली. साखळीचे तीन सामने उरले असताना क्लबाने लोबेरा यांना दूर केले. संघ जेतेपदाच्या शर्यतीत होता आणि साखळीत पहिला येणाऱ्या क्लबाला प्रथमच आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत थेट स्थान मिळणार होते. सूत्रे धेंपोचा जुना मध्यरक्षक क्लिफर्ड मिरांडा याच्याकडे गेली. तांत्रिक संचालक म्हणून परेरा त्याच्या पाठीशी होते. पुढच्या तीन सामन्यांत गोव्याने हैदराबादला ४-१, मुंबईला ५-२ आणि जमशेदपूरला ५-० असे हरवले. तीन सामन्यांत चौदा गोल. १९ फेब्रुवारी २०२० रोजी जमशेदपुरात, टाटांच्या पोलादनगरीत, गोव्याने साखळीतील अव्वल स्थान निश्चित केले. उपांत्य फेरीत चेन्नईयिनने एकूण ६-५ अशा फरकाने त्यांना बाहेर काढले खरे, पण आशियाची वाट खुली झाली होती. प्रशिक्षक बदलला तरी संघ विस्कटला नाही.

यश मिळाले आणि लगेच त्याची किंमतही मोजावी लागली. लोबेरा मुंबई सिटीकडे गेले आणि त्यांच्या पाठोपाठ अहमद जाहू, मुर्तदा फॉल, ह्यूगो बुमूस आणि गोव्याचाच मंदार राव देसाई असे चार आधारस्तंभ मुंबईला गेले. त्या मोसमात मुंबईने साखळी व अंतिम सामना दोन्ही जिंकले. नव्याने उभारलेला गोव्याचा संघ फेरांडो यांच्या मार्गदर्शनाखाली उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला आणि त्याच मुंबईकडून टायब्रेकरमध्ये हरला. एप्रिल २०२१ मध्ये फातोर्ड्याच्या मैदानावर आशियाई चॅम्पियन्स लीगमधील सहा सामन्यांपैकी तीन बरोबरीत सोडवताना गोव्याने कतारच्या अल रय्यान आणि अमिरातीच्या अल वाहदासारख्या क्लबांना रोखले. भारतीय क्लबाने या गटसाखळीत खेळण्याची ती पहिलीच वेळ. त्याच वर्षी ऑक्टोबरात ड्युरँड चषकही आला.

आणि मग डिसेंबर. फेरांडो गेले, परेरा प्रशिक्षकाच्या बाकावर बसले. हा प्रयोग यशस्वी झाला नाही. गोवा २०२१-२२ च्या मोसमात अकरा संघांत नववा राहिला. महासाथीमुळे सारी लीग गोव्यातच, खेळाडूंना हॉटेलांत बंदिस्त ठेवून आणि बहुतांशी रिकाम्या मैदानांवर खेळवली गेली, ही अडचण सर्वच संघांना सारखी होती. अपयश परेरा यांच्या नावावर जमा झाले, पण निर्णयातच एक दोष होता. तांत्रिक संचालकाला संकटकाळी बाकावर बसवले की क्लब एकाच वेळी दोन माणसे गमावतो. प्रशिक्षक आधीच गेलेला असतो, आणि पुढच्या मोसमाचा विचार करणारा माणूस येत्या सामन्याच्या चिंतेत अडकतो. शिवाय संघ हरला की त्याच्या मूळ कामावरही प्रश्नचिन्ह लागते. ज्या मोंचींचे नाव वर आले, ते सतरा वर्षांच्या पहिल्या कारकिर्दीत प्रशिक्षकाच्या जागेवर बसले नाहीत, यामागे हेच शहाणपण असावे.

महासंघात हेच चित्र

क्लबाबाहेर, अखिल भारतीय फुटबॉल महासंघातही या पदाची कथा फारशी वेगळी नाही. साळगावकरचाच जुना मध्यरक्षक सावियो मेदेरा याने २०११ मध्ये प्रशिक्षक म्हणून भारताला दक्षिण आशियाई अजिंक्यपद मिळवून दिले. अंतिम सामन्यात अफगाणिस्तानचा ४-० असा पराभव झाला. त्यानंतर तो महासंघाच्या प्रशिक्षक घडवण्याच्या विभागात गेला. देशभर प्रशिक्षकांचे परवाना वर्ग घेणारे ते काम कोणाच्या नजरेत भरत नाही, पण जिल्ह्याच्या गावी मुलांना योग्य रीतीने चेंडू अडवायला शिकवणारा माणूस तयार होतो तो त्यातूनच. पुढे परदेशी तांत्रिक संचालक आले आणि गेले; मधल्या रिकाम्या काळात हंगामी जबाबदारी मेदेरा याच्याकडेच येत राहिली. हंगामी हा शब्द भारतीय खेळाडू-प्रशासकांच्या वाट्याला जरा जास्तच येतो.

परेरा यांच्याबाबतीतही ते खरे आहे. २०१९ च्या मार्चमध्ये ताश्कंद येथील आशियाई पात्रता स्पर्धेसाठी भारताच्या २३ वर्षांखालील संघाची जबाबदारी त्यांच्यावर सोपवली गेली, तीही त्या एका मोहिमेपुरती.

दरम्यान लीगचे भवितव्यच अधांतरी झाले. २०२५ च्या जुलैत संयोजक कंपनीने महासंघाशी असलेल्या करारातील अनिश्चिततेमुळे इंडियन सुपर लीगचा मोसम स्थगित केला. ऑगस्टपर्यंत चेन्नईयिन, बेंगळुरू आणि ओडिशा या क्लबांनी आपल्या वरिष्ठ संघाचे कामकाज थांबवले होते. महिंद्र, जेसीटी, पुणे या नावांचा इतिहास ज्यांना ठाऊक होता, त्यांना ही बातमी नवी वाटली नसेल.

लीग थांबलेली असतानाही एफसी गोवाला आशियाई चॅम्पियन्स लीगच्या दुसऱ्या श्रेणीत खेळायचे होते. ऑगस्टमध्ये ओमानच्या अल सीबला २-१ असे हरवून त्याने गटसाखळी गाठली. २२ ऑक्टोबर २०२५ रोजी सौदी अरेबियाचा अल नस्र फातोर्ड्याला आला. पाहुण्यांनी सामना २-१ असा जिंकला. गोव्याचा एकमेव गोल ब्रायसन फर्नांडिसने केला. तो मडगावचा, २४ वर्षांचा, एफसी गोवाच्या विकास संघातून वर आलेला.